डागमास्तरांचा बाणा

डागमास्तरांना ढुंगणाला खाज सुटायची. घ्या, सांगून टाकलं. हे वाक्य त्यांना दोन वर्षं बायकोपुढे उच्चारता आलं नाही, मुलीपुढे नाही, आणि डॉक्टरपुढे उच्चारायचं म्हणून तीनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन ते परत आले. इथे ते पहिल्याच ओळीत आलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण डागमास्तरांना हे समजावणार कोण? माणूस अब्रूला जपणारा. आणि अब्रू एकदा जपायला घेतली, की ती जपता जपता माणूस काय काय करून बसतो, काही विचारू नका.

डागमास्तर हे नाव त्यांना दुकानात पडलं. ड्रायक्लीनिंगचं मोठं दुकान होतं. पुढे काउंटर, त्यामागे प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कोट, मधल्या खोलीत वाफेच्या इस्त्र्या, आणि सगळ्यात मागे, खिडकीशी, मास्तरांचं टेबल. टेबलावर पांढरंशुभ्र फडकं, तपकिरी बाटल्या, कापूस, एक चपटी हाडाची पट्टी आणि लहानमोठे सात ब्रश. यंत्रात घालून जे निघायचं नाही ते सगळं यांच्याकडे. शाई, कॉफी, तेल, रक्त, गंज. मास्तर आधी डाग बघायचे, मग त्याचा वास घ्यायचे, मग आतल्या शिवणीवर औषधाचा एक थेंब टाकून कापड काय म्हणतंय ते बघायचे, आणि मग कडेकडून आत असं टिपत टिपत जायचे. घासाघाशी करणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. एखाद्या गिऱ्हाइकानं डाग घरीच चोळून आणला, तर मास्तर त्याच्याकडे असे बघायचे, की त्याला वाटावं आपण लेकरालाच बदडून आणलंय. काउंटरवरची पाटी त्यांनीच हट्टानं लावून घेतली होती. 'डाग चोळू नये. टिपून घ्यावा आणि लगेच आणून द्यावा.'

त्यांचा एक सिद्धांतही होता, आणि नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागायचा. "दिसत नाही म्हणजे गेला असं समजू नका. सरबत सांडलं आणि वाळलं, तर दिसतं का? नाही दिसत. त्यावर गरम इस्त्री फिरवा, पिवळा डाग वर येतो की नाही बघा. तेव्हा शंका आली की पुन्हा धुवायचं." कापडापुरता हा सिद्धांत अगदी बरोबर होता. घोटाळा झाला तो मास्तरांनी तो स्वतःला लावला तेव्हा.

मुलीच्या लग्नाआधी दोनेक महिने त्यांचं पोट बिघडलं. आठवडाभर खेपा घालून घालून जीव मेटाकुटीला आला. पोट सुधारलं, पण मागे खाज राहिली. दिवसभर टेबलाशी उभं राहून काम करताना फारसं कळायचं नाही. बसलं, अंग तापलं, घाम आला, की सुरू. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, कातडी हुळहुळली असेल, होईल बरी. मास्तरांनी डाग ओळखावा तसं निदान केलं. काहीतरी उरलंय. दिसत नाही, पण उरलंय.

मग काय, धुणं सुरू झालं. आधी सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून चार वेळा. कढत पाणी. सुगंधी साबण. त्यावर बाटलीतलं जंतुनाशक, जे पाण्यात घालून वापरा असं बाटलीवर लिहिलेलं असतं आणि जे मास्तर नुसतंच वापरायचे. सात ब्रशांतला सगळ्यात मऊ ब्रश रिटायर होऊन घरी आलेला होता, तोही कामाला लागला. मग खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसणं आणि वर पावडर. हे सगळं झालं की अर्धा तास स्वर्ग. अर्ध्या तासानं खाज दुप्पट. म्हणजे अजून उरलंय! मास्तर पुन्हा बादली भरायचे.

एकदा धीर करून ते औषधाच्या दुकानात गेले. "खाजेवर काहीतरी द्या. माझ्या मेव्हण्याला हवंय."

"कुठे खाज येते त्यांना?"

मागे चार माणसं उभी होती. "कोपराला," मास्तर म्हणाले.

कोपराची ट्यूब मिळाली. आठ दिवस अशी काही शांतता लाभली, की मास्तरांनी दुकानात शीळ घातली. मग ट्यूब संपली, खाज व्याजासकट परत आली, मेव्हण्यासाठी दुसरी ट्यूब आली, मग तिसरी. मास्तरांना मेव्हणा नव्हताच, तो भाग वेगळा.

तर अशा अवस्थेत मुलीचं लग्न आलं. मुलीनं मुलगा स्वतः पसंत केला होता. मास्तरांनी एकदाच विचारलं, "विचार केलायस ना?" ती म्हणाली, "केलाय." विषय संपला. खरं सांगायचं तर पोरगा त्यांना आवडला होता. शर्टाची कॉलर आणि कफ दोन्ही स्वच्छ, याहून जास्त चौकशी मास्तर कुणाचीच करत नसत. लग्न नोंदणी कार्यालयात झालं आणि नंतर एका हॉटेलात वीस माणसांचं जेवण. गादीच्या खुर्च्या होत्या, लाल मखमलीच्या. मास्तर एका खुर्चीत दीड मिनिट बसले. मग उठले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, दात आवळून. डोळ्यांत पाणी तरारलेलं.

"बसा ना," कुणीतरी म्हणालं.

"मी ठीक आहे."

"अहो, दोन घास तरी..."

"नको म्हटलं ना!"

ते काही केल्या बसले नाहीत. जेवण होईस्तोवर बाप उभा. मुलगी तीनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मास्तरांना वाटलं, सांगावं. पण लग्नाच्या दिवशी नव्या साडीतल्या मुलीच्या कानात बापानं काय सांगायचं? तिथून घरी पोचेपर्यंत सगळ्या नातेवाइकांत एकच बोलणं झालं होतं. लग्न बापाला पसंत नाही. आणि काय बाप आहे बघा, तोंडानं एक शब्द काढला नाही, पण खुर्चीला अंग लावलं नाही.

बरं, इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खुलासा केला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क जिन्यात भेटले, आणि त्यांनी चक्क हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आजकाल असा बाणा कुठे राहिलाय? आमच्यासारखे गुळमुळीत बाप सगळीकडे." चाळीस वर्षं हेडक्लार्कांनी मास्तरांना कपडेवाला म्हणूनच ओळखलं होतं. 'काय हो, आमचा कोट झाला का?' याच्यापुढे बोलणं कधी गेलं नव्हतं. मास्तर काहीतरी म्हणायला गेले आणि नुसतेच खाकरले. ते खाकरणंही हेडक्लार्कांना फार आवडलं.

मुलीचं घर दूर. बसनं सात तास. घर दोन खोल्यांचं, न्हाणीघर एकच, आणि जावई घरूनच काम करणारा. मास्तरांच्या बादलीला, बाटलीला आणि ब्रशाला तिथे जागा कुठून असणार? एकदा ते निघाले होते, नाही असं नाही. बायकोसोबत बसमध्ये बसले. दुसऱ्या थांब्यावर घामाघूम होऊन उतरले. "तू जा. मला नाही जमायचं," म्हणाले आणि उलट्या दिशेनं चालायला लागले. बायको खिडकीतून बघत राहिली. नवऱ्याच्या मनाचा धीर सुटला असं तिनं मुलीला सांगितलं. आणखीही एक गोष्ट सांगितली. "तुझे बाबा रोज अर्धा अर्धा तास न्हाणीघरात बसतात गं. नळ सोडून. रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून."

मुलगी फोन करायची तो नेमका संध्याकाळचा, खाजेचा मुहूर्त. मास्तर फोन कानाला लावून खोलीभर फेऱ्या मारायचे. "हं. बरं. हो. ठेवतो." तिकडे मुलगी बंद फोनकडे बघत बसायची. मग ती मेसेज पाठवायला लागली. 'बाबा, माझं चुकलं असेल तर माफ करा. पण एकदा या.' मास्तरांनी तो टेबलाशी उभ्यानं वाचला, एका रेशमी ओढणीवरचा कॉफीचा डाग टिपता टिपता. वाचून गलबलून आलं. त्यांनी लिहिलं, 'ठीक आहे.' नात झाली तेव्हा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'हिच्यावर तरी राग धरू नका.' मास्तरांनी फोटो दुकानातल्या सगळ्यांना दाखवला आणि उत्तर लिहिलं, 'छान.' असे दोन वर्षांत अकरा मेसेज आले. अकराही मास्तरांनी जपून ठेवले. पुसून टाकणं हा त्यांचा धंदा, पण हे पुसले नाहीत.

इकडे बाण्याची कीर्ती वाढतच होती. जिन्यात लोक बाजूला सरकून वाट देऊ लागले. दुकानाचा मालक नव्या गिऱ्हाइकांना मागच्या खोलीकडे बोट दाखवून हळू आवाजात काहीतरी सांगायचा. कुणाच्या घरी मुलांनी ऐकेनासं केलं की बाप मंडळी सल्ल्याला यायची. मास्तर बोलायचे नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच, आणि उभ्यानं गप्प राहिलेला माणूस भारदस्त दिसतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणसाला खाली उतरवत नाही हो. मास्तरांचंही तेच झालं.

आणि मग एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

हेडक्लार्क संध्याकाळी खाली आले. त्यांच्या मुलानं सहा महिन्यांपूर्वी असंच स्वतः ठरवून लग्न केलं होतं आणि हेडक्लार्क त्या लग्नाला गेले नव्हते. चेहरा पार ओढलेला. दाढी वाढलेली. "तुमच्याकडे बघून ठरवलं होतं," ते म्हणाले. "पण मला झेपत नाही हो. तो फोन करतो, मी उचलत नाही, आणि मग जेवण जात नाही. तुम्ही दोन वर्षं कसं काढलंत? मला एकदा सांगा, राग टिकवता कसा?"

समोर एक म्हातारा माणूस खरोखर रडकुंडीला आला होता, आणि त्याचा गुरू एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता. "बघा..." मास्तर म्हणाले. हेडक्लार्कांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि वर गेले.

दोन दिवसांनी बायको मुलीकडून परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलली. "जावयाला परदेशात नोकरी लागलीय. दीड महिन्यानं जाणार. कायमचेच म्हणा ना." मग थोडं थांबून म्हणाली, "पोरगी म्हणाली, बाबांना आता या म्हणून सांगू नकोस. मी वाट बघणं सोडलंय."

मास्तर न्हाणीघरात गेले. नळ सोडला. त्या दिवशी मात्र ते धुवायला बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना गाठला, जिथे कुणी ओळखीचं निघणार नाही. कातडीच्या डॉक्टर होत्या. बाई. मास्तर उलट्या पावली फिरणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अरे, डागमास्तर ना तुम्ही? माझ्या पांढऱ्या कोटावरची शाई तुम्हीच काढली होती. बसा."

"उभा राहिलो तर चालेल का?" मास्तर म्हणाले. बाईंनी वर बघितलं आणि त्यांना अर्धं कळलं.

"किती दिवस खाज आहे?"

"मला नाही. माझ्या मेव्हण्याला..."

"या तक्रारीसाठी रोज एकदोन माणसं येतात माझ्याकडे," बाई शांतपणे म्हणाल्या. "निम्मी मेव्हण्यासाठी येतात. चला, पडद्यामागे कुशीवर झोपा."

पुढची पाच मिनिटं मास्तरांनी भिंतीवरच्या एका ओलीच्या डागाकडे बघत काढली. तो पाण्याचा होता, जुना, आणि कुणीतरी त्यावर चोळून चुना फासला होता. बाईंनी हातमोजा घालून आतून बाहेरून तपासलं, विचारलं, रक्त जातं का, वजन उतरलंय का, कुणाला मूळव्याध, घरात कुणाला जंत. सगळ्याला नाही. "गाठ नाही, मूळव्याध नाही, बुरशी नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मनात काय काय आणलं असेल तुम्ही, ते सगळं सोडा. आता सांगा, काय काय करता?"

मास्तरांना जरा हुरूप आला. हा विषय त्यांच्या धंद्याचा होता. कढत पाणी, साबण, जंतुनाशक, ब्रश, टॉवेल, पावडर, कोपराची ट्यूब, सगळं क्रमानं सांगितलं. चार वेळा, न चुकता. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"रेशमाला असा ब्रश माराल तुम्ही?"

"छे छे! रेशमाचा जीव जाईल."

"कढत पाण्यात घालाल?"

"रेशीम? वेड लागलंय का?"

"मग ही कातडी रेशमापेक्षा नाजूक असते, मास्तर. ती एकदा हुळहुळली आणि तुम्ही तिला दोन वर्षं बदडताय. सोलवटलेली कातडी खाजते. ती खाजते म्हणून तुम्ही धुता, धुता म्हणून ती सोलवटते. ट्यूबनं ती आणखी पातळ झालीय. तिथे काही उरलेलं नाही. तुम्ही स्वच्छ आहात. जरा जास्तच स्वच्छ आहात. तुमच्या काउंटरवर पाटी आहे ना? काय लिहिलंय तिच्यावर?"

मास्तर पाटी म्हणून दाखवायला गेले आणि दुसऱ्या शब्दालाच थांबले. त्यांचे कान लालबुंद झाले.

औषध म्हणाल तर फार काही दिलंच नाही. साबण बंद, जंतुनाशक बंद, ब्रश फेकून द्या. संडासला जाऊन आल्यावर साधं कोमट पाणी, तेवढंच. मऊ सुती फडक्यानं टिपायचं. पांढरं झिंकचं मलम बोटावर अगदी थोडं. सैल सुती चड्डी. दुकानात दिवसाला आठ कप कॉफी जायची, ती एकावर. नखं बारीक. खाज सुटलीच तर गार पाण्याची ओली घडी ठेवायची, हात लावायचा नाही. "सहा आठवडे लागतील," बाई म्हणाल्या. "आणि एकदा जरी ब्रश चालवलात, तर परत पहिल्यापासून."

सहा आठवडे! इतकी कठीण शिक्षा मास्तरांना आयुष्यात कुणी केली नव्हती. जन्मभर जे धुतलं, ते आता धुवायचं नाही. पहिले तीन दिवस ते तळमळले. चौथ्या दिवशी 'एकदाच, हलक्या हातानं' म्हणून साबण घेतला, आणि मग रात्रभर हात मांड्यांखाली दाबून पडून राहिले. सकाळी ब्रश, बाटली, साबण आणि मेव्हण्याची अर्धी ट्यूब, सगळं कचऱ्यात गेलं. त्यानंतर मात्र त्यांनी पथ्य असं पाळलं, की बाईंनीही कौतुक करावं. तिसऱ्या आठवड्यात खाज दिवसातून दोनदा. पाचव्या आठवड्यात कधीतरी. सहाव्यात एका रविवारी मास्तर खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि शेवटच्या पानावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बसलोय. तासभर बसलोय. त्यांना इतका आनंद झाला, की ते उठून उभे राहिले.

मुलीला जायला दोन दिवस उरले होते. मास्तर निघाले. जिन्यात हेडक्लार्क भेटले. मास्तर त्यांना म्हणाले, "मुलाकडे जाऊन या. आजच जा."

"तुम्ही म्हणताय हे?"

"मी म्हणतोय."

"आणि राग?"

"राग कसला, जा हो!"

हेडक्लार्क भारावून बघत राहिले. हा माणूस आपल्याला वाटला होता त्याहूनही मोठा निघाला, असं त्यांनी नंतर सगळ्या इमारतीला सांगितलं. पण ते मुलाकडे गेले, हेही खरं.

सात तास मास्तर बसमध्ये बसून गेले. बायको शेजारी. तिला वाटलं, शेवटी बापाचं काळीज. तिनं मुलीला तसं फोनवर कळवलंही होतं, 'राग गेला बरं का.'

मुलीच्या घरी खोकी रचलेली होती. सामान निघालेलं, भिंती मोकळ्या. एकच खुर्ची उरली होती, ती जावयानं पुढे केली. मास्तर बसले. दहा महिन्यांची नात आईच्या कडेवरून या अनोळखी माणसाकडे बघत होती आणि ओठ काढायच्या बेतात होती.

"बाबा, तुम्ही मन मोठं केलंत," जावई म्हणाला. भाबडेपणानं म्हणाला, त्याचा दोष नाही. "आम्ही हे कधी विसरणार नाही."

झालं की सगळं! आता नुसती मान हलवायची होती. क्षमाशील बाप, निरोपाचा दिवस, सगळ्यांचे डोळे ओले. सगळं अगदी तयार होतं. बायकोनं पदर डोळ्यांना लावलाही. मास्तर मान हलवणारच होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा. तुमच्या मनाविरुद्ध केलं मी. पण तुम्ही आलात, मला पुरे आहे."

ते काही मास्तरांना सहन होईना.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मी रागावलोच नव्हतो."

"राहू द्या ना, बाबा. आता मला बरं वाटावं म्हणून..."

"अगं नव्हतो म्हणतो ना! पहिल्या दिवसापासून नव्हतो. मला ढुंगणाला खाज होती!"

"अहो!" बायको म्हणाली. पण मास्तर आता थांबत नव्हते. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. लाल मखमलीची खुर्ची, बादली, जंतुनाशक, सात ब्रशांतला सगळ्यात मऊ, कोपर, नसलेला मेव्हणा, दुसऱ्या थांब्यावर उतरणं, डॉक्टर बाई आणि पाटी.

"म्हणजे तुम्ही आत रडत नव्हतात?" बायकोनं विचारलं.

"नाही गं. धूत होतो."

जावई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे गदागदा हलत होते. मग मुलीला हसू फुटलं. खोक्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली. बायको हसली. आई हसते म्हणून नात हसली. मास्तरही हसले, दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळे हसले. सुटलो बुवा, असं त्यांना वाटलं.

मुलीचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं डोळे पुसले.

"माझे मेसेज वाचायचात, बाबा?"

"वाचायचो ना. सगळे. अकरा आहेत. ठेवलेत मी."

"त्यात मी काय लिहीत होते ते कळत होतं ना?"

"हो."

"दोन वर्षं मी माफी मागत होते. बाळंतपणात सुद्धा मागत होते. खाज होती, प्रवास झेपत नव्हता, लाज वाटत होती, सगळं मान्य. त्याचं मी कधी हसूही केलं नसतं. पण 'मी रागावलो नाही', एवढं तर उभ्यानंही लिहिता आलं असतं ना?"

मास्तरांनी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला. उत्तर होतं त्यांच्याकडे. खरं म्हणजे तेवढंच दोन वर्षं त्यांनी कुणाला दिसू दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ते खाली बघत म्हणाले, "लोक मान द्यायला लागले होते गं. जिन्यात बाजूला व्हायचे. बरं वाटत होतं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नातीला आजीच्या हातात दिलं, चिकटपट्टीचं टोक शोधून काढलं आणि पुढचं खोकं बंद करायला घेतलं. जावयानं खालून धरलं, तिनं पट्टी ओढली. तीन खोकी बंद झाली. चौथं झालं. तिनं काही वळून बघितलं नाही. विमान परवा सकाळचं होतं. मास्तर खुर्चीत बसून होते, आणि आता त्यांना कितीही वेळ बसता येत होतं.